लक्ष कुठे होतं?

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. 'मळणी यंत्रात पदर अडकून महिलेचा मृत्यू.' किंवा 'थ्रेशरमध्ये हात सापडून तरुण गंभीर.' जेमतेम आठ-दहा ओळी. गाव, तालुका, वय, 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे', पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद. संपलं. हे सोयाबीनच्या वेळी. मग मार्च-एप्रिलात गहू-हरभरा निघाला की पुन्हा तेच, फक्त गावाचं नाव बदलून.

आणि ही बातमी वाचून, किंवा गावाकडच्या फोनवर ऐकून, आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय बाहेर पडतं? "अरेरे! पण लक्ष कुठे होतं?"

मंडळी, आजचं माझं भांडण ह्या एका वाक्याशी आहे. वरवर ते हळहळीचं वाक्य वाटतं, पण नीट ऐका, तो निकाल आहे. चौकशी नाही, साक्षीपुरावे नाहीत, आणि आरोपी ठरलासुद्धा. ज्याचा हात गेला तोच! मशीन सुटलं, बनवणारा सुटला, भाड्याने देणारा सुटला, ज्याच्या शेतात ते चालू होतं तोही सुटला.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर एसीत बसून कोड लिहिणाऱ्याने मळणीवर कशाला बोलावं? बरोबर आहे. पण माझ्या धंद्यातली एक गोष्ट मला इथे सांगायचीच आहे. आमच्याकडे प्रोडक्शन सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी मीटिंग बसते. बऱ्या कंपन्यांमध्ये त्या मीटिंगचा एक नियम असतो, 'कोणी पाडला' हे विचारायचं नाही. विचारायचं ते असं, की एका माणसाच्या एका कमांडने हा पडूच कसा शकला? मध्ये आडकाठी का नव्हती? 'सेव्ह'च्या शेजारी 'सगळं पुसून टाका'चं बटण कोणी ठेवलं? कारण आम्हाला एवढं पक्कं ठाऊक असतं की माणूस चुकणारच. रात्री दोन वाजता तर नक्कीच चुकणार. माणूस चुकेल हे धरून चालायचं आणि ती चूक जिवावर बेतणार नाही अशी रचना करायची, ह्यालाच इंजिनिअरिंग म्हणतात. आणि हे सगळं कशासाठी, तर कोणाचा तरी पिझ्झा वेळेवर पोचावा म्हणून. जिथे खरोखर हात तुटतात तिथे मात्र आपण 'लक्ष कुठे होतं' म्हणून मोकळे होतो.

ज्यांनी मळणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोयाबीन कापून शेतातच त्याची गंजी लावतात. मग भाड्याचं मळणी यंत्र येतं. आमच्याकडे मोठ्याला हडंबा म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरणारा दांडा असतो, पीटीओ शाफ्ट. त्यावरून यंत्राला ताकद मिळते. यंत्राच्या पोटात दाते बसवलेला ड्रम गरगर फिरत असतो. एका तोंडातून काड घालायचं, ड्रम ते झोडपतो, दाणे एकीकडे आणि भुसकट दुसरीकडे पडतं. साध्या यंत्रात ते काड ड्रमच्या तोंडात घालायचं काम माणूस हाताने करतो. तासन् तास. म्हणजे खरं पाहता त्या यंत्राचा शेवटचा पार्ट हा माणसाचा हातच असतो.

आता जरा हिशेब करू. (इंजिनिअर आहे, राहवत नाही.) समजा ड्रमचा व्यास ६० सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला ६०० फेरे. परीघ झाला १.८८ मीटर, सेकंदाला १० फेरे. म्हणजे ड्रमच्या दात्याचा वेग सेकंदाला जवळपास १९ मीटर, ताशी ६८ किलोमीटर. आणि 'काहीतरी ओढलं गेलं' हे कळून माणसाने हात मागे घ्यायला सुरुवात करेपर्यंत अगदी ताज्यातवान्या माणसालाही पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात तो दाता पावणेपाच मीटर पुढे गेलेला असतो. सोयाबीनचं काड एकमेकांत गुंतलेलं असतं. त्याचा झुपका मनगटाभोवती, बांगडीत, बाहीत अडकला आणि पुढचं टोक ड्रमने धरलं की हात आपोआप आत जातो.

शाफ्टचं गणित तर आणखी सोपं आहे. पीटीओचा प्रमाण वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. एका फेऱ्यात २० सेंटीमीटर कापड गुंडाळलं जातं असं धरा. पदराचं टोक अडकल्यापासून पाव सेकंदात ४५ सेंटीमीटर कापड गेलं, एका सेकंदात १.८ मीटर. ट्रॅक्टरवरच्या माणसाला आरडाओरडा ऐकू येऊन, (मळणीच्या आवाजात!) त्याने शाफ्ट बंद करेपर्यंत काय होत असेल ते मी लिहीत नाही.

सांगा बरं, ह्या आकड्यांत 'लक्ष' कुठल्या रकान्यात बसवायचं? जगातला सर्वांत सावध माणूस आणून उभा करा, सचिनला त्याच्या ऐन भरातला आणून उभा करा. पाव सेकंद तो पाव सेकंदच.

बरं, ह्यावर उपाय माहीत नाही अशातलाही भाग नाही. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात गव्हाचं पीक इतकं वाढलं की बैलांच्या पायाखाली ते मळून होईना. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये थ्रेशर बनायला लागले आणि १९७०च्या दशकात त्या भागात हातांची अक्षरशः रास पडली. त्यातून भारतीय मानक आलं, आयएस ९०२०, मळणी यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी. २००२ साली त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. त्यातली कळीची गोष्ट शाळेतल्या पोराला समजेल इतकी साधी आहे. काड घालायच्या तोंडाला पत्र्याची लांब पन्हळ हवी. तिची लांबी किमान ९०० मिलिमीटर, आणि ड्रमकडचा किमान ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला.

हे आकडे आले कुठून? स्वतःचा हात मोजून बघा. मोठ्या माणसाचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत ७०-७५ सेंटीमीटर भरतो. पन्हळ ९० सेंटीमीटरची आणि तिचा अर्धा भाग बंद असेल, तर तोंडाशी उभ्या माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. तो थकलेला असो, झोपेत असो, घरच्या भांडणाचा विचार करत असो. झालं! 'लक्ष' हा विषयच संपला. पत्र्याच्या एका तुकड्याने संपवला.

१९८३ साली तर संसदेने चक्क कायदा केला, डेंजरस मशिन्स (रेग्युलेशन) अॅक्ट. धोकादायक यंत्र म्हणजे काय ह्याच्या व्याख्येत पहिलंच नाव मळणी यंत्राचं. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला परवाना, यंत्राला ठरलेली सुरक्षा साधनं, मजुराला इजा झाली तर भरपाई, सगळं त्यात लिहिलेलं आहे. ज्या वर्षी कपिल देवने वर्ल्ड कप उचलला त्या वर्षीचा हा कायदा. आता आपल्या गावात ह्या कायद्याचं नाव सांगून थ्रेशर तपासायला आलेला एखादा साहेब कोणी पाहिला असेल तर मला जरूर सांगा, मी त्यांचा सत्कार करीन.

तर मग पन्हळ गेली कुठे? इथे नेहमीचा युक्तिवाद सुरू होतो. "अहो, कंपनी देते, हे लोकच काढून टाकतात. आपली माणसंच तशी."

हे अर्ध खरं आहे. नव्या यंत्राला पन्हळ असते आणि पहिल्या-दुसऱ्या हंगामात ती निघते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये बनलेल्या यंत्राला तर ती आखूडच असते. पण 'का काढतात' हे विचारायचे कष्ट कोणी घेत नाही. मळणीचा दर ठरतो पोत्यामागे किंवा क्विंटलमागे. झाकलेल्या पन्हळीतून काड बेताबेताने सरकवावं लागतं. पन्हळ काढली की दोन्ही हातांनी कवळा उचलून थेट तोंडात कोंबता येतो. तासाला चार पोती जास्त. यंत्राच्या मालकाने बँकेचं कर्ज काढलेलं आहे, हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, तेवढ्यात हप्ते सुटायला हवेत. शेतकऱ्याला परतीच्या पावसाची धास्ती. पाऊस आला तर गंजी भिजते, दाणा डागाळतो आणि व्यापारी भाव पाडतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, पण तो ओल्या, डागी मालाला नव्हे. म्हणजे ह्या सगळ्या साखळीत प्रत्येकाला घाई आहे आणि प्रत्येकाची घाई खरी आहे. फक्त त्या घाईची किंमत ज्याच्या हाताने मोजायची, त्याला दर ठरवताना कोणी विचारत नाही. त्याची किंवा तिची मजुरी पन्हळ असली काय नि नसली काय, तेवढीच.

आणि रात्रीचं काय? शहरातल्या मित्रांना वाटतं, रात्री कशाला मळायचं, सकाळी लवकर उठून करा की. अरे बाबांनो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहाटे दव पडतं. दमट काड ड्रममध्ये गुंडाळतं, चोक होतं, शेंगा नीट फुटत नाहीत. म्हणून ऊन तापल्यावर, दुपारकडे यंत्र सुरू होतं आणि एका यंत्रामागे दहा शेतं रांगेत असतात. शेवटच्या शेताचा नंबर लागेपर्यंत रात्रीचे अकरा. उजेड कसला, तर ट्रॅक्टरच्या दिव्याचा. हवेत भुसकट, डोळ्यांत भुसकट. कानठळ्या बसवणारा आवाज. ज्या बायका तिथे उभ्या आहेत त्या पहाटे पाचला उठून, भाकऱ्या थापून, दिवसभर सोयाबीन कापून आलेल्या. आपण आठ तास स्क्रीनसमोर बसलो की 'बर्नआऊट' झाला म्हणतो!

आता बेपर्वाईच्या आरोपाबद्दल. मराठवाड्यात, विदर्भात शेतात काम करणाऱ्या बायका कधी पाहिल्यात का? साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना फुल शर्ट घातलेला, डोक्याला घट्ट रुमाल, पदर कमरेला खोचलेला. हे कोणी शिकवलं त्यांना? कुठल्या सेफ्टी ऑफिसरने? कोणीच नाही. आपल्याकडे प्रोजेक्ट साइटवर हेल्मेट घालायला ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट लागतं, ह्या बायकांनी आपली आपण पीपीई शोधून काढली, तीही पदरच्या खर्चाने. ज्या माणसांनी स्वतःच्या हातात होतं तेवढं सगळं केलेलं आहे, त्यांना आपण सांगतो की लक्ष द्या. जे त्यांच्या हातात नव्हतं, म्हणजे मशीन, ते मात्र होतं तसंच.

आमच्या गावची (लातूर जिल्हा) एक मावशी आहे. नात्याची नाही, पण लहानपणापासून मावशीच म्हणतो. वय चाळीस. जमीन नाही, रोजाने जाते. २०२२ च्या हंगामात एका शेतात मळणी चालू असताना तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. यंत्राला पन्हळ नव्हती. यंत्राच्या मालकाने पहिल्या दिवशीच्या दवाखान्याचे पैसे दिले, शेतमालकाने दोन पोती ज्वारी दिली. झाला न्याय. मी गेलो तेव्हा तिच्या घरी बसलेला जो तो तोच प्रश्न विचारत होता. शेवटी ती वैतागून म्हणाली, "लक्ष मशीनकडंच होतं की रं लेकरा. तिथं दुसरीकडं बघाया सवड असती व्हय?"

तिला कायद्याने काय मिळायला हवं होतं, ते मी नंतर काढलं. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. २०१० पासून त्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणत. ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतले मजूर त्याच्या यादीत स्पष्ट लिहिलेले होते. त्या कायद्यात अवयवांचा तक्ताच होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं, एका हाताची दोन बोटं २० टक्के, तीन बोटं ३०, चारही बोटं ५०. सूत्र असं, की महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. चाळिशीला तो १८४.१७. मावशीची मजुरी महिन्याला ८,००० धरू. ८,००० चे ६० टक्के ४,८००. त्याला १८४.१७ ने गुणलं की ८ लाख ८४ हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे सुमारे २ लाख ६५ हजार रुपये. दोन लाख पासष्ट हजार! मिळाली दोन पोती ज्वारी. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. साचा तोच ठेवलाय, नाव नवं.)

पण ह्या पैशासाठी तिने भांडायचं कोणाशी? यंत्रवाला म्हणतो मजूर शेतमालकाचे, शेतमालक म्हणतो मशीन ह्याचं. दोघंही गावातलेच. एकाकडे उद्या कामाला जायचंय, दुसऱ्याच्या दुकानात उधारी आहे. तक्रार करून राहणार कुठे?

"पण सरकारची योजना आहे ना?" आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना. पूर्वी ती विमा होती, २०२३ पासून थेट सानुग्रह अनुदान झाली. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक अवयव गेला तर १ लाख. चांगलीच योजना आहे, नावं ठेवत नाही. पण पात्र कोण? ज्याच्या नावावर जमीन आहे तो खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण. म्हणजे शेतात अपघात झाला तर मदत मिळणार की नाही हे तुमच्या हातावरून ठरत नाही, सातबाऱ्यावरून ठरतं. मळणीच्या तोंडाशी मात्र बहुतेक वेळा उभा असतो तो सातबारा नसलेलाच.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ या, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो.

पहिला आक्षेप, "काही जण दारू पिऊन काम करतात, त्यांचं काय?" करतात. त्यांनाही दोन हात असावेत असं माझं मत आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात ट्रेनिंगला होतो. तिथल्या पॉवर प्रेसला दोन बटणं होती, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे प्रेस खाली येताना दोन्ही हात बटणांवरच असणार. ऑपरेटर प्यालेला आहे की उपाशी आहे ह्याच्याशी त्या बटणांना देणंघेणं नव्हतं. कारखान्यातल्या धोकादायक भागांना संरक्षक कुंपण सक्तीचं केलं ते १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ ने. म्हणजे पत्र्याच्या छपराखाली मशीन असेल तर तुमचे हात महत्त्वाचे आणि उघड्या आभाळाखाली असेल तर नशीब तुमचं, असा हा प्रकार.

दुसरा, "कम्बाइन हार्वेस्टर येतायत, थ्रेशर आपोआप जातील." काही भागांत येतात, खरं आहे. पण आमच्याकडे सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतात. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं आणि तूर उभी राहते ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत. तिथे कम्बाइन कसं फिरवणार? शिवाय दोन-तीन एकरांचे तुकडे, बांध, ओली रानं. थ्रेशर अजून बरीच वर्षं राहणार आहेत. आणि 'पुढच्या व्हर्जनमध्ये फिक्स होईल' म्हणून आजचा बग सोडून द्यायचा ही आमच्या धंद्यातली सवय तिथे नका नेऊ, तिथे बगची किंमत बोटांत मोजतात.

तिसरा, "डिझाइनने खरंच फरक पडतो का?" स्वीडनचं उदाहरण घ्या. ट्रॅक्टर उलटून त्याखाली चालक चिरडण्याचे प्रकार तिथेही खूप व्हायचे. १९५९ साली त्यांनी नव्या ट्रॅक्टरना चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची केली, पुढे जुन्यांनाही लावायला लावली. उलटून मरणाऱ्यांचं प्रमाण घटत घटत जवळपास शून्यावर आलं. स्वीडिश शेतकऱ्याचं लक्ष अचानक वाढलं असं काही नाही, ट्रॅक्टर आजही उलटतात. माणूस वाचतो.

आणि परदेशातच कशाला? आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक दिनेश मोहन (२०२१ साली कोविडने गेले) आपल्याला रस्ता सुरक्षेमुळे माहीत आहेत. त्यांनी शेतीच्या अवजारांवरही काम केलं. १९९२ साली राजेश पटेल ह्यांच्याबरोबर त्यांनी शेती अवजारं जास्त सुरक्षित कशी करावीत ह्यावर शोधनिबंध लिहिला. कडबा कापायच्या यंत्रात पोरांची बोटं जातात, तर पोरांना ओरडत बसण्यापेक्षा यंत्र बदला, अशी त्यांची विचारसरणी. रस्त्यावर काय किंवा खळ्यावर काय, अपघात हा स्वभावाचा दोष नसून रचनेचा प्रश्न आहे हे ते आयुष्यभर सांगत राहिले. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतले लोकही शेतीतल्या सुरक्षिततेवर वर्षानुवर्षं काम करतायत. म्हणजे ज्ञान आहे, मानक आहे, कायदा झालेला आहे. नाही ती फक्त गरज वाटणारी माणसं.

आणि इथे मी तुमच्याकडे वळतो. हो, तुमच्याकडेच, जे हे हिंजवडीत, खराडीत, बंगळुरूत किंवा पार न्यू जर्सीत बसून वाचतायत. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या किंवा त्यांच्या बाबांच्या नावावर गावी चार-पाच एकर आहे. शेती काका बघतात, किंवा वाट्याने दिलीय. ऑक्टोबरमध्ये फोन येतो, "मळणीवाला आलाय, एवढे एवढे टाक." आपण यूपीआयवर टाकतो आणि पुढच्या मीटिंगला जातो. म्हणजे ह्या सगळ्या व्यवहारातला क्लायंट कोण? आपण! क्लायंटचं ऐकलं जातं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. क्लायंटने मेलमध्ये एक ओळ लिहिली की शुक्रवारी रात्री अख्खी टीम बसते, हे आपण भोगलेलं आहे.

तर मग पैसे टाकायच्या आधी एवढंच विचारा. यंत्राला पन्हळ आहे का आणि ती ९०-४५ भरते का? काकांना म्हणावं, टेप लावून फोटो पाठवा. शाफ्टला आणि पट्ट्याला झाकण आहे का? ट्रॅक्टरजवळ, फक्त बंद करण्यासाठी, एक माणूस उभा राहणार आहे का? आणि दिवस मावळल्यावर आपल्या रानात मळणी नको, नंबर उद्या लागला तरी चालेल.

यंत्रवाला कुरकुर करणार, त्याचा वेळ जातो. तर त्याला जास्त द्या! चार एकर, एकरी आठ क्विंटल धरा, ३२ क्विंटल झाले. क्विंटलमागे २० रुपये जास्त दिले तर ६४० रुपये होतात. मल्टिप्लेक्सची दोन तिकिटं आणि एक पॉपकॉर्न. गावात पाच जणांनी असं केलं की पन्हळ लावलेल्या यंत्राला काम जास्त मिळतं हे यंत्रवाल्याच्या लगेच ध्यानात येईल. तो हिशेबाला आपल्यापेक्षा पक्का असतो.

सरकारकडूनही फार मोठं काही मागत नाही. यांत्रिकीकरणाचं अनुदान देता ना? मग अनुदानाच्या यंत्राची पन्हळ दरवर्षी हंगामाआधी गावात येऊन मोजा. गाड्यांचं पीयूसी होतं, थ्रेशरचं का नाही? अपघात योजनेत सातबारा नसलेल्या मजुराला घ्या. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हंगामात मळणीने गेलेल्या हातांची वेगळी नोंद ठेवा. मेलेल्या माणसाची निदान आठ ओळींची बातमी होते, बोटं गेलेल्याची तीही होत नाही.

काही जण म्हणतील की सगळं खरं, पण माणसाने थोडी काळजी घ्यायला नको का? घ्यावी की. मीही गावी गेलो की सगळ्यांना सांगतो, पदर खोचा, बांगड्या काढा, पोरांना लांब ठेवा. पण हे सांगणं सगळ्यात शेवटी येतं. आधी पत्रा, मग उपदेश. पत्रा न लावता केलेला उपदेश म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं आहे, दुसरं काही नाही.

असो. फार झालं. शनिवारची सुट्टी आहे, तुम्हालाही कामं असतील. त्यातलं एक काम म्हणून गावी एक फोन करा आणि पुढच्या हंगामाला कोणाचं यंत्र येणार आहे ते विचारा. ते आत्ता रिकामं उभं असेल, त्यामुळे पन्हळ बसवायला वेल्डरकडे न्यायला त्याला सवडही आहे. वेल्डिंगचे पैसे निम्मे मी देतो म्हणावं.